साठी ओलांडलेले कोयना धरण : वय, भूकंप आणि सुरक्षितता

महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणून ज्या प्रकल्पाचा उल्लेख केला जातो, त्या कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या धरणाने आता वयाची साठ वर्षे मागे टाकली आहेत. या धरणाचे बांधकाम १९५६ साली सुरू झाले आणि १९६४ साली पूर्ण झाले. मुंबई-पुण्याच्या कारखानदारीला आणि राज्यातील असंख्य खेड्यांना या धरणाच्या पाण्यावर निर्माण झालेली वीज दोन पिढ्या मिळत आली आहे. त्याचबरोबर पाटण आणि कऱ्हाड तालुक्यांतील नदीकाठच्या गावांत एक प्रश्नही या साठ वर्षांत वारंवार विचारला गेला आहे. जमीन थोडी हादरली, भांडी वाजली किंवा पावसाळ्यात नदीला मोठा लोंढा आला की लोक विचारतात, ‘धरणाला धोका तर नाही ना?’

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर केवळ ‘नाही’ असे देऊन भागणारे नाही. धरण सुरक्षित आहे हे कशावरून ठरविले जाते, जुन्या धरणात कालांतराने कोणते बदल होतात, कोयनेने १९६७ साली कोणता आघात सोसला आणि त्यानंतर काय करण्यात आले, हे समजून घेतले तर अफवेला थारा उरत नाही आणि योग्य त्या सावधगिरीचाही विसर पडत नाही. गावातील शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि तालुक्यातील अधिकारी यांच्याकडेच लोक अशा वेळी धाव घेतात. त्यांना ही माहिती असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

धरणाची घडण

कोयना नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते. सह्याद्रीला समांतर राहून ती उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाड येथे कृष्णेला मिळते. हेळवाकच्या थोडे वर, कोयनानगर येथे हे धरण उभे आहे. पायापासून त्याची उंची सुमारे १०३ मीटर आणि लांबी सुमारे ८०८ मीटर आहे. त्याच्या मागे पसरलेल्या शिवसागर जलाशयाला सुमारे ८९२ चौरस किलोमीटर क्षेत्राचे पाणी येऊन मिळते. हे पाणलोट क्षेत्र आकाराने फार मोठे नाही. परंतु तेथील पाऊस दांडगा आहे. जलाशयाची मूळ साठवणक्षमता सुमारे ९८.८ अब्ज घनफूट होती. सांडव्याच्या दरवाजांची उंची वाढविल्यानंतर ती सुमारे १०५.२५ अब्ज घनफूट झाली.

धरण रबल काँक्रीटचे आहे, म्हणजे मोठमोठे दगड काँक्रीटमध्ये बसवून त्याची भिंत रचलेली आहे. अशा धरणास भारस्थायी धरण म्हणतात. पाण्याच्या रेट्याला ते आपल्या वजनाच्या बळावर तोंड देते. पाण्याचा दाब जलाशयाच्या लांबीवर अवलंबून नसतो, तो खोलीवर अवलंबून असतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. नव्वद मीटर खोलीवर भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे नव्वद टनांचा दाब पडतो. जलाशय मागे पन्नास किलोमीटर पसरला काय किंवा पाच किलोमीटर पसरला काय, या आकड्यात फरक पडत नाही.

भिंत एकसंध दिसत असली तरी ती शेजारी शेजारी उभ्या केलेल्या अनेक स्वतंत्र खंडांची बनलेली असते. उन्हाळ्यात आणि थंडीत काँक्रीट प्रसरण व आकुंचन पावते. त्यासाठी हे सांधे मुद्दाम ठेवलेले असतात आणि त्यांतून पाणी येऊ नये म्हणून सांध्यांत धातूच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. भिंतीच्या पोटात तपासणीसाठी लांबच लांब बोगदे असतात. पायाच्या खडकात आणि भिंतीत निचऱ्याची छिद्रे पाडलेली असतात. भिंतीत किंवा पायात झिरपलेले पाणी या छिद्रांतून बोगद्यात येते व तेथून बाहेर नेले जाते. धरणाच्या बोगद्यात पाणी दिसले म्हणजे धरण फुटू लागले, असा समज काही ठिकाणी आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. प्रत्येक धरणातून काही पाणी झिरपतेच. ते किती झिरपते, वाढते की घटते आणि स्वच्छ आहे की गढूळ, हे पाहणे महत्त्वाचे असते.

पाण्याचा पश्चिमेकडील प्रवास

या प्रकल्पाचे वैशिष्ट्य असे की, त्याची बहुतांश वीज धरणाच्या पायथ्याशी निर्माण होत नाही. कोयना ही पूर्ववाहिनी नदी असली तरी तिच्या जलाशयापासून काही किलोमीटरवर सह्याद्रीचा पश्चिम कडा कोकणात एकदम खाली उतरतो. या उताराचा लाभ घेण्यासाठी जलाशयाचे पाणी डोंगरातील बोगद्यांतून पश्चिमेकडे वळविले आहे. चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे डोंगराच्या पोटात कोरलेल्या वीजगृहात ते सुमारे पावणेपाचशे मीटर उंचीवरून येऊन जनित्रे फिरविते. पहिल्या टप्प्यातील वीजनिर्मिती १९६२ साली सुरू झाली. पोफळीहून बाहेर पडलेले पाणी कोळकेवाडी धरणात अडवून अलोरे येथे पुन्हा वापरले जाते आणि शेवटी ते वाशिष्ठी नदीला मिळते.

चौथ्या टप्प्यासाठी भरलेल्या जलाशयाच्या तळाशी बोगदा जोडण्याचे अवघड काम करावे लागले. जलाशय रिकामा न करता, बोगदा व जलाशय यांच्यामधील खडकाचा शेवटचा पडदा सुरुंगाने उडवून १३ मार्च १९९९ रोजी ही जोडणी करण्यात आली. आशिया खंडातील असा हा पहिलाच प्रयोग होता. दुसरी जोडणी २५ एप्रिल २०१२ रोजी झाली. सर्व टप्पे आणि धरणाचे पायथा वीजगृह मिळून प्रकल्पाची स्थापित क्षमता सुमारे १९६० मेगावॅट आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्याला वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट अशी मर्यादा घालून दिली. त्यामुळे हे पाणी मुख्यतः विजेची मागणी शिगेला पोचते अशा वेळी वापरले जाते. जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू करता येतात. औष्णिक केंद्रांना ते शक्य नसते. संध्याकाळी राज्यभर दिवे लागतात तेव्हा कोयनेचे महत्त्व विशेष जाणवते.

या प्रकाशाची किंमत कोयना खोऱ्यातील हजारो कुटुंबांनी दिली आहे. आपली घरे आणि शेते पाण्याखाली जाऊ देऊन ती दूरच्या जिल्ह्यांत विखुरली गेली. पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा राज्यात होण्यापूर्वीचा तो काळ होता. धरणाच्या सुरक्षिततेचा विचार करताना या त्यागाचेही स्मरण ठेवणे उचित होय.

११ डिसेंबर १९६७

दख्खनचे पठार हा भूकंपाच्या दृष्टीने स्थिर प्रदेश आहे, असे धरणाची आखणी झाली तेव्हा सर्वत्र मानले जात होते. तरीही खबरदारी म्हणून भूकंपासाठी गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के इतके आडवे बल आराखड्यात गृहीत धरण्यात आले होते. जलाशय भरू लागल्यानंतर मात्र परिसरात लहान धक्के जाणवू लागले. भूकंपमापक केंद्रे उभारण्यात आली. १३ सप्टेंबर १९६७ रोजी एक मोठा धक्का बसला. त्यानंतर तीन महिन्यांनी, ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी सुमारे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगरातील बहुतेक घरे पडली किंवा निकामी झाली. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारांवर जखमी झाली. लोक झोपेत असताना दगडमातीच्या भिंती अंगावर कोसळल्या, हे या हानीचे प्रमुख कारण होते.

धरणाच्या बोगद्यात बसविलेल्या त्वरणमापक यंत्राने या हादऱ्याची नोंद केली. धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्के, आडव्या दिशेने ४९ टक्के आणि उभ्या दिशेने ३४ टक्के इतके कमाल त्वरण त्या नोंदीत आढळले. आराखड्यात गृहीत धरलेले पाच टक्के आणि प्रत्यक्ष नोंदलेले हे आकडे एकमेकांशेजारी ठेवले म्हणजे आघाताची कल्पना येते. काही क्षणांपुरते असलेले कमाल त्वरण आणि आराखड्यातील स्थिर बल यांची सरळ तुलना करता येत नाही, हे खरे. परंतु धरणावर अपेक्षेच्या कितीतरी पलीकडचा भार आला होता, यात शंका नाही. कोयनेची ही नोंद पुढे जगभरच्या अभियंत्यांनी धरणांच्या भूकंपविषयक अभ्यासासाठी वापरली.

धरण उभे राहिले. जलाशय त्या वेळी बऱ्याच अंशी भरलेला असूनही पाणी सुटले नाही. तथापि भिंतीला इजा झाली नाही, असे म्हणता येणार नाही.

तडे कोठे गेले आणि का?

सांडव्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीचे जे उंच भाग आहेत, त्यांवरून पाणी वाहत नाही. या भागांतील अनेक खंडांवर वरच्या व खालच्या अंगांना आडवे तडे गेले. हे तडे माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, एका विशिष्ट पातळीच्या आसपास आढळले. या पातळीवर भिंतीच्या खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो. बांधकाम चालू असताना धरणाच्या उंचीसंबंधीच्या नियोजनात बदल झाला आणि त्यामुळे भिंतीचा छेद नेहमीच्या भारस्थायी धरणापेक्षा वेगळा झाला. वरचा भाग जड आणि त्याखाली उतारात एकदम फरक अशी ती रचना झाली.

लांब काठी हातात धरून जोराने हलविली तर ती सरळ भागात मोडत नाही; जेथे खाच असेल तेथे मोडते. धरणाच्या बाबतीत असेच घडले. जमीन हादरताच भिंतीचा माथा पायापेक्षा जास्त हलला, वरच्या जड भागाने खालच्या भागाला हिसके दिले आणि सर्व ताण उताराच्या त्या मोडीवर एकवटला. काँक्रीट दाब उत्तम सहन करते, परंतु ओढ किंवा ताण फारसा सहन करीत नाही. म्हणून तडे तेथे पडले. सांडव्याचा भाग उंचीने कमी आणि आकाराने निराळा असल्यामुळे त्याला विशेष इजा झाली नाही.

दुरुस्ती आणि मजबुतीकरण

पहिले काम तडे भरण्याचे होते. तड्यांत चिकट रासायनिक द्रव्य दाबाने भरण्यात आले. भिंतीच्या आत पाण्याचा दाब साचू नये म्हणून आतून छिद्रे पाडून निचऱ्याची सोय वाढविण्यात आली. उंच खंडांतून पोलादी तारांचे दोर ओवून आणि ते ताणून बांधून भिंतीचे वरचे व खालचे भाग एकमेकांशी घट्ट जखडण्यात आले. त्यानंतर कायमच्या उपायाचे काम हाती घेण्यात आले. सांडव्याखेरीजच्या भागाला खालच्या अंगाने काँक्रीटचे भक्कम पुस्ते देण्यात आले. हे काम १९७३ सालापर्यंत पूर्ण झाले. कोयनानगरहून धरणाकडे पाहणाऱ्याला भिंतीच्या पाठीशी उभे राहिलेले हे आधार आजही दिसतात. पुढे सांडव्याच्या भागाचेही मजबुतीकरण करण्यात आले आणि ते २००६ साली पूर्ण झाले.

आज उभे असलेले धरण हे १९६४ सालचे धरण जसेच्या तसे नाही. त्याच्या मूळ भिंतीचे वय साठीपुढचे आहे. परंतु तिला नंतरच्या काळात, नव्या ज्ञानाच्या आधारे, नवे बळ देण्यात आले आहे. देशाच्या भूकंपविषयक संहितेतही १९७० साली सुधारणा झाली आणि कोयना परिसर अधिक धोक्याच्या क्षेत्रात धरण्यात आला. पठार पूर्णपणे स्थिर आहे हा समज मागे पडला.

जलाशय आणि भूकंप

कोयनेच्या परिसरात आजही धक्के बसतात. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे हे जगातील सर्वांत ठळक उदाहरण मानले जाते. गेल्या सहा दशकांत या भागात ५ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त भूकंप झाले आहेत. लहान धक्क्यांची संख्या हजारांत आहे. हे भूकंप मुख्यतः सुमारे वीस किलोमीटर रुंद आणि तीस किलोमीटर लांब अशा एका मर्यादित टापूत होतात. दक्षिणेकडील वारणा जलाशयात १९८५ साली पाणी साठू लागल्यानंतर धक्क्यांचे क्षेत्र त्या दिशेनेही सरकले.

पाणी भूकंप निर्माण करते, असे म्हणणे बरोबर नाही. जमिनीखालच्या खडकांत पूर्वीपासूनचे भ्रंश असतात आणि त्यांवर फार मोठ्या कालावधीत ताण साचलेला असतो. जलाशयाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोलवर जाते, तेथील पाण्याचा दाब वाढतो आणि एकमेकांना घट्ट दाबून धरणारे खडक सरकण्यास वाव मिळतो. ताण निसर्गाचा आणि निमित्त पाण्याचे, असे थोडक्यात म्हणता येईल. जलाशयाची पातळी कोणत्या वेगाने चढते, ती पूर्वीच्या कमाल पातळीपेक्षा वर जाते काय आणि भरलेली पातळी किती काळ टिकते, या गोष्टींचा धक्क्यांशी संबंध असल्याचे डॉ. हर्ष गुप्ता आणि इतर शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून दिसून आले. पातळी आठवड्याला सुमारे बारा मीटरपेक्षा जास्त वेगाने चढते तेव्हा मोठ्या धक्क्याचा संभव वाढतो, असेही निरीक्षण नोंदले गेले.

या विषयाचा पुढील अभ्यास करण्यासाठी केंद्र शासनाच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने कऱ्हाड येथे संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली आहे. परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोल वेधनछिद्र घेण्यात आले. त्यातून काळ्या कातळाचा थर सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा असून त्याखाली ग्रॅनाइटासारखा पुरातन खडक आहे, ही माहिती हाती आली.

धक्क्यांविषयी बोलताना तीव्रतेचे गणित ध्यानात घ्यावे. तीव्रतेचा अंक एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. ३.३ आणि ६.३ या दोन भूकंपांत अंकांचा फरक तीनचाच. परंतु ऊर्जेचा फरक सुमारे बत्तीस हजार पट असतो. वर्षाकाठी अनेकदा जाणवणारे लहान धक्के धरणाच्या दृष्टीने चिंतेचे कारण ठरत नाहीत, ते यामुळे. मात्र पूर्वी एकदा मोठा धक्का बसला म्हणून पुन्हा तसा बसणार नाही, असे मानण्यासही आधार नाही. भूकंपाचा दिवस व वेळ आधी सांगता येत नाही. म्हणून गावातील घरे, शाळा आणि दवाखाने भूकंपाला टिकतील असे बांधणे हाच खरा उपाय होय. १९६७ साली माणसे धरणामुळे नव्हे, घरांमुळे मेली, हे विसरता कामा नये.

धरणाचे वय म्हणजे काय?

माणसाचे वय वर्षांत मोजतात. धरणाचे वय मोजण्यास केवळ वर्षे पुरेशी नाहीत. राज्यात १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण नगर जिल्ह्याला आजही पाणी देत आहे. याच्या उलट उदाहरणेही आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पुण्यात हाहाकार उडविणारे पानशेत धरण पहिल्यांदाच भरत होते. गुजरातेतील मोरवी शहरावर ११ ऑगस्ट १९७९ रोजी कोसळलेले मच्छू-दोन धरण अवघे सात वर्षांचे होते. सांडव्याच्या क्षमतेपेक्षा मोठा पूर आला आणि पाणी मातीच्या भिंतीवरून वाहू लागले. कोयनेच्या पश्चिमेस, चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील लहान मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली, त्या वेळी ते जेमतेम दोन दशकांचे होते. तेथील गळतीकडे ग्रामस्थांनी अगोदर लक्ष वेधले होते. आकाराने लहान आणि वयाने कमी असलेले धरणही दुर्लक्षामुळे घातक ठरते, हा यातील धडा आहे.

जुन्या भारस्थायी धरणात ज्या गोष्टींवर नजर ठेवावी लागते, त्या अशा. झिरपणाऱ्या पाण्याबरोबर काँक्रीटमधील चुना हळूहळू बाहेर येतो आणि भिंतीवर पांढरे थर दिसू लागतात. हाच चुना निचऱ्याच्या छिद्रांत साचून ती बुजवितो. छिद्रे बुजली की झिरप कमी झालेली दिसते आणि वरवर पाहणाऱ्याला समाधान वाटते. प्रत्यक्षात पायाखालचा पाण्याचा दाब वाढत असतो आणि तो भिंतीला खालून वर उचलू पाहतो. ज्या धरणाची सारी भिस्त वजनावर, त्याचे वजनच जणू घटते. म्हणून ही छिद्रे वेळोवेळी साफ करणे हे दिसावयास किरकोळ, परंतु मोलाचे काम आहे.

दुसरी गोष्ट दरवाजांची. कोयनेच्या सांडव्यावर सहा वक्राकार दरवाजे आहेत. पोलाद गंजते, रबरी पट्ट्या झिजतात, उचलण्याची यंत्रे वर्षातील बरेच महिने वापराविना राहतात. पावसाळ्याच्या ऐन रात्री, वीज गेलेली असताना, दरवाजा उचलला गेलाच पाहिजे. त्यासाठी पर्यायी विजेची सोय आणि पावसाळ्यापूर्वीची चाचणी आवश्यक असते.

तिसरी गोष्ट मोजमापांची. झिरप मोजणाऱ्या खाचा, भिंतीची हालचाल दाखविणारे ओळंबे, पायाखालचा दाब सांगणाऱ्या नळ्या आणि भूकंपमापके यांच्या नोंदी वर्षानुवर्षे एका पद्धतीने ठेवल्या, तरच त्यांचा उपयोग होतो. एका दिवसाचा आकडा फारसे सांगत नाही. तीस वर्षांचे आकडे शेजारी मांडले म्हणजे धरण स्वतःची प्रकृती सांगू लागते. यंत्रे जुनी होतात, त्यांचे जाणकार निवृत्त होतात आणि नोंदवह्या कपाटांत पडून राहतात. धरणाचे खरे वार्धक्य येते ते येथून. पुढच्या पिढीच्या अभियंत्याला मागच्या नोंदी हाती मिळणे, ही भिंतीच्या डागडुजीइतकीच महत्त्वाची बाब आहे.

पूर आणि विसर्ग

नदीकाठच्या गावांचा संबंध सर्वांत जास्त येतो तो पाण्याच्या विसर्गाशी. विसर्ग क्युसेकमध्ये सांगितला जातो. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे २८ लिटर पाणी. पायथा वीजगृहाचे दोन्ही संच चालू असताना नदीत सुमारे २,१०० क्युसेक पाणी सोडले जाते. या गतीने दिवसभरात अब्ज घनफुटाचा सुमारे पाचवा हिस्साही बाहेर पडत नाही. एक लाख क्युसेक विसर्ग चोवीस तास चालू राहिला, तर सुमारे ८.६ अब्ज घनफूट पाणी जाते. या हिशेबाने भरलेला जलाशय रिकामा होण्यास बारा दिवस लागतील. मोठ्या पावसात धरण एका रात्रीत रिते करून ठेवता येत नाही, हे यावरून स्पष्ट होईल.

जलाशय चालविणाऱ्यांपुढे म्हणूनच कठीण निवड असते. जुलै महिन्यात पुरासाठी जागा रिकामी ठेवावी, तर पुढे पाऊस न झाल्यास वर्षभराची वीज आणि सिंचन अडचणीत येते. जलाशय लवकर भरून घ्यावा, तर ऑगस्टच्या मुसळधार पावसात मोठा विसर्ग करणे भाग पडते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी कृष्णा-कोयना काठाला या प्रश्नाची तीव्रता जाणवून दिली. कोणत्या तारखेला पातळी कोठवर असावी हे आधी ठरवून देणारी परिचालन सूची पाळणे, पावसाचा व पाण्याच्या आवकीचा वेळेवर अंदाज घेणे आणि विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढविणे, हाच त्यातील मार्ग आहे.

कायदा आणि गाव

पानशेतनंतर धरणांच्या देखरेखीची जाणीव राज्यात वाढली. १९८० साली नाशिक येथे धरण सुरक्षितता संघटना स्थापन करण्यात आली. राज्यातील मोठ्या धरणांची संख्या दोन हजार तीनशेहून अधिक, म्हणजे देशात सर्वाधिक असल्यामुळे ही जबाबदारी मोठी आहे. संसदेने संमत केलेला धरण सुरक्षितता अधिनियम ३० डिसेंबर २०२१ पासून देशभर अमलात आला. त्यानुसार प्रत्येक नमूद धरणाची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी करणे, तसेच मोठा पूर किंवा भूकंप झाल्यावर ती पुन्हा करणे धरणाच्या मालकावर बंधनकारक आहे. स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन करून घेणे आणि आपत्कालीन कृती आराखडा तयार ठेवणे यांसाठी कायद्याने मुदत घालून दिली आहे. कसुरीबद्दल शिक्षेची तरतूदही आहे.

परंतु आराखडा कार्यालयात असून भागत नाही. विसर्ग वाढणार आहे ही सूचना हेळवाकच्या पुढील वाडीवर किती मिनिटांत पोचते, भोंगा वाजला तर कोणत्या वाटेने कोठे जावयाचे, म्हाताऱ्या व आजारी माणसांना कोण नेणार, गुरे केव्हा सोडावयाची, हे गावाला ठाऊक असले पाहिजे. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील निळी आणि लाल पूररेषा कोठून जाते हे जलसंपदा विभागाकडून समजून घ्यावे आणि त्या रेषेच्या आत नवे घर, अंगणवाडी वा शाळा उभी राहणार नाही, याची दक्षता घ्यावी. जूनच्या ग्रामसभेत या विषयाला अर्धा तास दिला तरी पुष्कळ काम होईल. शाळेत भूकंपाच्या वेळी बाकाखाली आसरा घेण्याचा आणि रांगेने मैदानात येण्याचा सराव वर्षातून दोनदा करून घेणे शिक्षकांना सहज शक्य आहे.

गावाजवळच्या लहान पाझर तलावाकडे वा मातीच्या धरणाकडेही याच दृष्टीने पाहावे. कोयनेसारख्या मोठ्या धरणावर यंत्रे आणि अभियंते नजर ठेवतात. लहान बंधाऱ्याजवळ मात्र रोज जाणारा माणूस बहुधा गुराखी किंवा शेतकरीच असतो. बांधाच्या खालच्या अंगाला नवी ओल, गढूळ झरा, खचलेली माती, भिंतीवर उगवलेली झाडे किंवा सांडव्यात अडकलेला कचरा आढळल्यास तलाठी, ग्रामसेवक आणि संबंधित शाखा अभियंता यांना लेखी कळवावे, त्याची पोच घ्यावी आणि कार्यवाही होईपर्यंत विषय सोडू नये. अशा तक्रारीची दखल त्याच आठवड्यात जागेवर जाऊन घेणे, हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य आहे.

कोयना धरण एका मोठ्या परीक्षेतून गेले आणि उभे राहिले. ते केवळ दगड आणि सिमेंटच्या बळावर उभे नाही. इजा कोठे झाली हे मान्य करून तिच्यावर उपाय केले गेले, नोंदी ठेवल्या गेल्या, नव्या ज्ञानानुसार जुनी गृहीतके बदलली गेली, म्हणून ते साठी ओलांडून काम करीत आहे. कोणतेही धरण एकदा सुरक्षित ठरविले म्हणून कायमचे सुरक्षित राहत नाही. दर पावसाळ्यापूर्वी आणि दर पावसाळ्यानंतर ते नव्याने तपासावे लागते. ही तपासणी जोवर नेमाने होत राहील आणि तिचे निष्कर्ष खालच्या गावांपर्यंत पोचत राहतील, तोवर धरणाच्या वयाची चिंता करण्याचे कारण नाही. तपासणीत खंड पडला, तर मात्र कालच बांधलेल्या धरणाचीही चिंता करावी लागेल.